घटपर्णी
घटपर्णी (शास्त्रीय नाव: नेपेंथिस खासियाना) ही मेघालयातील खासी, जैंतिया व गारो टेकड्यांत आढळणारी कीटकभक्षी वेल आहे. नेपेंथिस प्रजातीतील ही भारतात नैसर्गिकरीत्या वाढणारी एकमेव जाती होय. गारो भाषेत तिला 'मेमांग-कोक्सी', म्हणजे 'भुताची टोपली', असे म्हणतात.

घट: झाकण असलेला घट हे फूल नसून पानाच्या टोकाचे रूपांतर आहे. मकरंदाने आकृष्ट झालेले कीटक निसरड्या काठावरून आतील द्रवात पडतात व विकरांमुळे पचतात. त्यांपासून मिळणारे नायट्रोजन निकृष्ट जमिनीतील उणीव भरून काढते.

फुलोरा: खरी फुले लहान असून लांब मंजरीवर येतात. त्यांना पाकळ्या नसतात. चार परिदले असतात. नर व मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येतात. नरफुलात पुंकेसर जुळून एक स्तंभ होतो व त्याच्या टोकाशी परागकोश असतात. मादीफुलात मध्यभागी अंडाशय दिसतो. केवळ घट पाहून वेल नर की मादी हे सांगता येत नाही. त्यासाठी फुलोऱ्याचेच निरीक्षण करावे लागते. फळ बोंडासारखे असून धाग्यांसारख्या हलक्या बिया वाऱ्याने पसरतात.

संवर्धन: कोळशाच्या खाणी, वणवे, फिरती शेती व विक्रीसाठी होणारी उपट यांमुळे ही जाती संकटग्रस्त झाली आहे. एखाद्या उतारावर केवळ नर किंवा केवळ मादी वेली उरल्या, तर घट दिसत राहतात, परंतु बी धरत नाही. साइट्स कराराच्या परिशिष्ट 1 मध्ये तिचा समावेश आहे. दक्षिण गारो हिल्स जिल्ह्यात बाघमारा येथे तिच्यासाठी अभयारण्य राखले आहे.