जीव वाचवला, पुढे काय?

बालहत्या प्रतिबंधक गृहाचा उल्लेख आपल्या प्रत्येक जयंतीच्या भाषणात येतो. १८६३, पुणे, फुले दांपत्य. टाळ्या पडतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्यावर जातो. आमचा आक्षेप इथेच आहे. मूल वाचले, हा इतिहासाचा पूर्वार्ध झाला. वाचलेले मूल स्वतःच्या पायावर उभे कसे राहिले, हा उत्तरार्ध आपण सांगतच नाही.

१८७४ मध्ये काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा या गृहात बाळंत झाली. तिच्या मुलाला जोतीराव-सावित्रीमाईंनी दत्तक घेतले. तोच यशवंत. त्याला त्यांनी आपले नाव दिले, शिक्षण दिले. १८८७ च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्याला वारस केले. १८८९ मध्ये सत्यशोधक पद्धतीने त्याचे लग्न लावले. १८९० मध्ये जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत दत्तक मुलाने टिटवे धरायला भाऊबंदांनी हरकत घेतली. सावित्रीमाईंनी टिटवे स्वतःच्या हाती घेतले आणि त्या पुढे चालल्या.

त्या वेळी यशवंत साधारण सोळा वर्षांचा होता. डॉक्टर तो नंतर झाला, सावित्रीमाईंच्या आधाराने. १८९७ च्या प्लेगमध्ये माय-लेकांनी हडपसरजवळ दवाखाना चालवला आणि रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीमाई गेल्या. ज्याचा जन्मच समाजाला नको होता, तो त्याच समाजावर उपचार करत होता. आता विचार करा, अठराव्या वर्षी त्याला घराबाहेर काढले असते तर डॉक्टर यशवंत घडला असता का?

आज बालगृहातल्या मुलांचे नेमके हेच होते. अठरा पूर्ण झाली की बालगृहाचे दार बंद. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या आधाराची, तरतूद आहे. पण ती २१ वर्षांपर्यंत, अपवाद म्हणून २३ पर्यंत. शिवाय कलम ४६ ची भाषा पाहा. आर्थिक मदत 'देता येईल' असे ते म्हणते, 'दिलीच पाहिजे' असे म्हणत नाही. मिशन वात्सल्यमध्ये महिना ४००० रुपयांची सोय आहे. शहरात खोलीचे भाडे, खानावळ आणि कॉलेजची फी एवढ्यात भागवून दाखवा!

बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. फेब्रुवारी १९१३ मध्ये रामजीबाबा गेले. त्याच वर्षी सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबियाला पोहोचले. वय २२. आजच्या नियमाने ते 'अपवाद' ठरले असते. आणि आधाराचे मोल स्वतः अनुभवले म्हणूनच, १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाल्यावर पुढच्याच वर्षी सोलापूरला वसतिगृह निघाले. निवारा असेल तरच शिक्षण टिकते, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही.

काही मित्र म्हणतात, हा आपला विषय नाही, आपला लढा जातीचा. आम्ही विचारतो, काशीबाईला दारात घेताना जोतीरावांनी जात पाहिली होती का? आणि ज्याला आईबाप नाहीत, नातेवाईक नाहीत, त्याला जातीच्या दाखल्यासाठी वडिलांचे कागद मागणारी व्यवस्था कुणाची आहे? रक्त आणि कूळ यावरच माणसाची ओळख ठरवणे, हीच तर जातीची मुळी आहे.

म्हणून कामाचे बोलू. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना १ टक्का समांतर आरक्षण आहे, पण अनाथ प्रमाणपत्राशिवाय ते कागदावरच राहते. आपल्या तालुक्यातल्या बालगृहात जा. सतरा वर्षांची मुले किती ते विचारा. त्यांचे अनाथ प्रमाणपत्र, आधार, बँक खाते अठराच्या आत झाले आहे का ते पाहा. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अनुरक्षणाचे अर्ज लावा आणि पाठपुरावा सोडू नका. विहारातल्या अभ्यासिकेत या मुलांना जागा द्या. कलम ४६ मधले 'देता येईल' बदलून 'द्यावेच लागेल' करा, ही मागणी प्रत्येक आमदार-खासदारापुढे ठेवा.

उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून. यशवंतला वारसा मिळाला होता, भीक नव्हे.

जय भीम! जय सावित्री!