कॉलर आली, हत्यारं आली नाहीत

शिंप्याच्या धंद्याचा इतिहास लिहायला बसलेला माणूस हमखास मशिनीपासून सुरुवात करतो. आयझॅक सिंगरचं पेटंट १८५१चं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगरच्या मशिनी हिंदुस्थानात येऊ लागल्या, नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थानं त्यांची एजन्सी चालवली, मशीन हप्त्यानं मिळू लागली तसे तालुक्याच्या गावातले शिंपीही पायडल मारू लागले. मग १९३५ साली कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगनं ‘उषा’ काढली. यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली सिंगरच्या मशिनीला त्यातून सूट दिली होती.

यात खोटं काही नाही. पण मी शिंप्याच्या दुकानात वाढले, पुढं शिवणाचे वर्ग घेण्यात आयुष्य गेलं, आणि हा इतिहास मला नेहमी अर्धा वाटत आला आहे. आमच्या आण्णांच्या इचलकरंजीतल्या दुकानात विकत आणलेल्या वस्तू तीनच: मशीन, कातर आणि इस्त्री. सुया, दोरे, बटणं हा माल झाला, हत्यार नव्हे, असं आण्णाच म्हणायचे. बाकी जे काही हाताशी असायचं ते आधी दुसऱ्याच कुठल्या तरी धंद्यात राबून आलेलं.

असं का झालं, याचं उत्तर कपड्याच्या आकारात आहे. धोतर, उपरणं, बाराबंदी, अंगरखा हे सगळे घडी घातली की सपाट बसणारे कपडे. त्यातले शिवलेले ते बंदांनी बांधायचे, म्हणजे काज नाही, बटण नाही. कपड्याला कडकपणा आणि झळाळी देणारी माणसंही शिंप्याहून वेगळी. खळ लावलेलं कापड लाकडी मोगरीनं ठोकून चकचकीत करायचं, त्याला कुंदी म्हणत. घरी इस्त्री नसेल तर पितळी तांब्यात निखारे भरायचे आणि फडक्यानं धरून तो कपड्यावरून फिरवायचा. आमच्या आज्जीच्या हयातीपर्यंत हे चालू होतं. सपाट कापडाला तांब्या पुरतो.

मग शर्ट आला, कोट आला. कॉलरला टोक आलं, खांद्याला उतार, छातीला फुगवटा, बाहीला गोलाई. कोटाची बाही सपाट टेबलावर ठेवून दाबली तर शिवण उघडते खरी, पण दोन्ही कडांना नको त्या घड्या पडतात. त्यासाठी विलायती शिंप्याकडं अख्खा संच असे: बाहीच्या आत जाईल अशी अरुंद फळी, भुशानं गच्च भरलेली टणक उशी, इस्त्री उचलल्यावर शिवण दाबून धरायचा लाकडी ठोकळा, कॉलरसाठी टोकदार फळी. आमच्या गावात कॉलर आली, कॉलरची हत्यारं आली नाहीत. ती गावानं आपल्याच भंगारातून उभी केली, आणि ज्या गावचं जसं भंगार तशी तिथली हत्यारं.

इचलकरंजीचं भंगार म्हणजे मागाचं. जहागीरदार नारायणराव घोरपड्यांच्या पाठबळावर विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इथं पहिला यंत्रमाग बसवला. पुढं गल्लोगल्ली माग झाले आणि खटखट इतकी अंगवळणी पडली की वीज गेली की लोकांची झोप मोडायची. या मागांनी कापड दिलंच, पण शिंप्यांना त्याहून कामाची एक वस्तू दिली: धोटा. ताण्यातून आडवा धागा इकडून तिकडं नेणारा, दोन्ही बाजूंना निमुळता, टोकांना पोलादी बोंडं, तळ सपाट, पोटात कांडी बसवायची खाच. लँकेशायरी धोट्यांना अमेरिकेतल्या परसिमन झाडाचं लाकूड लागे, कारण दिवसभर या पेटीतून त्या पेटीत आपटूनही फुटणार नाही असं घट्ट लाकूड दुसरं सहज मिळत नव्हतं. धोट्याचा टवका उडाला किंवा कड खरबरीत झाली की तो ताण्याचे धागे तोडायला लागतो. मग जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, शिवी हासडून तो कोपऱ्यात फेकतो. आण्णा तिथून उचलायचे.

एका बाजूचं बोंड दगडावर घासून बोथट करायचं. शिवलेली कॉलर उलटवून आत हे टोक घातलं की कॉलरचा कोपरा सुबक बाहेर येतो आणि कापडाला भोक पडत नाही. कातरीच्या टोकानं हे काम करणाऱ्या कारागिराला आण्णा दिवसभर टोमणे मारत. धोट्याचा सपाट तळ दाबायच्या कामाचा. शिवण उघडायची, ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवायची, आणि इस्त्री उचलताक्षणी धोटा दोन्ही हातांनी त्या जागेवर दाबून धरायचा. लाकूड वाफ शोषून घेतं, ऊब आत कोंडून ठेवतं. कापड निवलं की शिवण पुन्हा डोकं वर काढत नाही. नुसत्या इस्त्रीनं तेवढं दाबायला गेलं तर गडद कापडावर चकाकी येते. हे त्यांना कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. ज्या मास्तरांकडं ते पोरवयात काज करायला बसले, त्यांच्याकडं धोटा होता. म्हणून यांच्याकडंही धोटा.

बाहीसाठी होता बैलगाडीच्या चाकाचा आरा. बाभळीचा, गोलसर, एका टोकाला निमुळता. रबरी टायरच्या गाड्या आल्या तशी लाकडी चाकं सुताराच्या अंगणात सरपणाच्या भावानं पडू लागली. एक आरा मागून आणायचा, त्याला कांबळ्याची पट्टी आवळून गुंडाळायची, वरून मांजरपाटाची खोळ शिवायची. तो बाहीत सरकवला की शिवण तेवढी आऱ्याच्या उंचवट्यावर येते, कडेच्या कापडाला इस्त्री लागतच नाही. कांबळं लष्करी. आमच्या भागातल्या घराघरांतून माणूस पलटणीत जायचा, त्यामुळं खाकी कांबळ्यांना तोटा नव्हता. इस्त्रीच्या टेबलावरही खाली घोंगडं, मध्ये हेच कांबळं आणि वर वापरून मऊ झालेलं धोतर अशी बैठक असे.

इस्त्री विकतची खरी, पण तिचा संसार सगळा मिळवलेला. बिडाची, कोळशाची, झाकणाच्या खिटीवर कोंबडा असलेली. आमच्याकडं बाभळीचा कोळसा, कोकणात करवंट्यांचा. तापलेली इस्त्री टेकवायला मंगळुरी कौलाचा तुकडा. बाझेल मिशननं मंगळुरात १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, त्या कौलांनी पुढं अर्ध्या पश्चिम किनाऱ्याची आणि घाटावरचीही घरं शाकारली. फुटकं कौल त्यामुळं कुठंही मिळे. त्याच्या पाठीवरच्या खाचांतून हवा खेळते, टेबल जळत नाही. तळ गुळगुळीत राहावा म्हणून मेणबत्तीचं बूड फडक्यात बांधून त्यावरून फिरवायचं. गिऱ्हाईक समोर नसलं की पाणी तोंडात धरून कपड्यावर फवारलं जाई, हेही सांगून टाकते. इतका बारीक फवारा पुढं कुठल्याच प्लास्टिकच्या बाटलीनं मला दिला नाही.

याहून मजेशीर ऐवज मशिनीशेजारच्या बिस्किटाच्या डब्यात असे. माझं मत असं की असा डबा उघडला तर त्या गावात कुठली वस्तू केव्हा पोचली ते तारीखवार सांगता येईल. बाजारात आलेली वस्तू मोडायला दहा-वीस वर्षं जातात, आणि मोडली की ती शिंप्याकडं येते.

छत्रीची काडी घ्या. इंग्लंडात सॅम्युएल फॉक्सनं १८५२ साली पन्हळीसारखी पोकळ पोलादी काडी काढली. त्याआधी छत्रीला देवमाशाच्या तोंडातली हाडासारखी जाड पट्टी लागायची. या काडीच्या शेवटी कापड टाचायला एक बारीक भोक असतं. म्हणजे लांब, गुळगुळीत आणि टोकाला डोळा असलेली वस्तू आयती तयार. परकराच्या, लेंग्याच्या नेफ्यात नाडी ओवायला याहून चांगलं हत्यार मी पाहिलेलं नाही. एका मोडक्या छत्रीत आठ काड्या. म्हणजे एका पावसाळ्यात साऱ्या गल्लीची सोय.

अंगुस्तान स्टोव्हमधून येई. प्रायमस स्टोव्ह स्वीडनमधला, १८९२चा. त्याच्या पंपाची पितळी नळी अंगठीएवढी कापली, कडा कानशीनं मारल्या आणि खिळ्यानं वरून टोचे पाडले की शिंप्याचं अंगुस्तान झालं. शिंपी सुई बोटाच्या टोकानं नाही, कडेनं रेटतो. त्याला वरून बंद टोपी नकोच असते. स्टोव्हची पिन तर डब्यात नेहमीच. मशिनीच्या शटलच्या बेचक्यात अडकलेला दोऱ्याचा तुसा काढायला तेवढी बारीक तार दुसरी नाही.

सायकल उशिरा आली, पण आली ती भरभरून. सोनीपतची ॲटलस १९५१ची, लुधियानाची हीरो १९५६ची. पुढच्या चाकात ३२ तारा, मागच्यात ४०. तुटलेली तार घासून टोकाला आकडा काढला की क्रोशाची सुई, दोन सरळ घेतल्या की विणकामाच्या सुया. व्हॉल्व्हच्या रबरी नळीचा वेटोळा बॉबिन भरायच्या चक्रीवर चढे. खुणा करायला साबणाची चीप. सनलाइटच्या पेट्या १८८८ साली कलकत्त्याला उतरल्या, तेव्हापासून कापडावर खूण करून पुन्हा इस्त्रीत विरून जाणारी वस्तू फुकटात मिळू लागली. लाइफबॉय मात्र दुकानात बंदी. लाल खूण पांढऱ्या कापडावर उतरली की गिऱ्हाईक दारात भांडायला उभं. रफू करताना कापड ताणून धरायला फ्यूज उडालेला बल्ब, शिवण उसवायला अर्ध ब्लेड, आणि दवाखाने वाढल्यावर ब्लाऊजच्या कटोरीच्या साच्यासाठी एक्स-रेची फिल्म. कागदाचा साचा दहा वेळा आखला की कडेला झिजतो, फिल्म झिजत नाही. शेजारच्या काकांच्या मोडलेल्या हाताच्या फिल्मवरून आमच्याकडं कैक ब्लाऊज कापले गेले.

हे सगळं पुरुषांच्या दुकानातलं. बायकांच्या हत्यारांना एवढीही नोंद नाही. आमच्या आज्जीनं वाकळ घालायला घेतली की जुनी लुगडी थरावर थर पसरून कोपऱ्यांवर वरवंटा आणि पायल्या ठेवायची, थर सरकू नयेत म्हणून बाभळीचे काटे टोचायची. दोरा जुन्या लुगड्याच्या काठातून उसवलेला, मांडीवर पीळ देऊन दुहेरी केलेला, मेणावरून ओढलेला. दाभण तेवढं पोती शिवणाऱ्या हमालाच्या बायकोकडून उसनं. काम झालं की वरवंटा पाट्यावर, पायली कणगीत आणि काटा चुलीत. शिंप्याचा डबा निदान डबा म्हणून तरी मागं राहिला. वाकळेची हत्यारं संध्याकाळीच परत स्वयंपाकघराची झाली. म्हणून वाकळा संग्रहालयात दिसतात, पण त्या कशानं घातल्या ते दिसत नाही.

या साऱ्याचं कौतुक करताना माझा हात थोडा आखडतो. धोटा उचलला तो पैसे नव्हते म्हणून, हौस म्हणून नव्हे. आणि हाताला पीळ पडेपर्यंत जड आरा धरून बसणारा कारागीर बहुधा घरातलाच पोर असे, ज्याला मजुरी मिळत नसे. पण ही काही वेळ मारून नेण्याची सोयही नव्हती. आण्णांचा एक धोटा चाळीसेक वर्षं चालला, मागावर तो दोन वर्षंही टिकला नसता. माझ्या वर्गात मी पुढं कंपनीची पॉलिश केलेली फळी आणली. पॉलिशमुळं ती वाफ पीत नाही, शिवण फुगलेलीच राहते. शेवटी तिला काचेच्या कागदानं घासून उघडी पाडली, तेव्हा कुठं कामाला आली.

आता इचलकरंजीत शटललेस माग आलेत, त्यांना धोटाच लागत नाही. भंगारवाल्याकडंही चौकशी करावी लागते. माझ्या भाच्यानं दुकानाला बुटीक नाव दिलंय. त्याची इस्त्री वाफेची, पाण्याची बाटली डोक्यावर टांगलेली. कंपनीची बाटली तडकली तेव्हापासून तिथं सलाईनची लटकते आहे. टाचण्या जुन्या स्पीकरच्या लोहचुंबकाला चिकटवलेल्या. शर्ट तो शिवतच नाही, सगळं काम प्रिन्सेस कट ब्लाऊजचं, आणि त्या गोलाईला इस्त्री करायला टणक उशी लागतेच. ऑनलाइन मिळणाऱ्या उशीची किंमत बघून त्यानं जुन्या जीन्सचा पाय कापला आणि त्यात प्लायवुडच्या दुकानातला भुसा ठासला. इस्त्री टेकताच सरसाचा वास सुटला. दुसऱ्यांदा वखारीतून सागाचा आणणार होता. मी म्हटलं, अरे, साग तेलकट, फिक्या रेशमावर डाग उतरेल, आंब्याचा घे. आंब्याचा भुसा त्यानं दोन दिवस उन्हात वाळवला, बत्त्यानं कुटून कुटून भरला आणि तोंड दाभणानं शिवलं. जीन्सचा मागचा खिसा त्यानं तसाच ठेवलाय. त्यात तो टेप ठेवतो.