नदीपलीकडचा मंगेश

गेल्या हिवाळ्यात मुलीने आम्हा दोघांना मुंबई-गोवा क्रूझवर नेले. आम्ही यवतमाळची माणसे, आमच्या लेखी पाणी म्हणजे पैनगंगा, तीही उन्हाळ्यात गुडघाभर. त्यामुळे समुद्राचे अप्रूप होतेच. पण जहाजाविषयी लिहिण्यासारखे फार नाही. खायला भरपूर आणि रात्रभर गाणी. मुरगाव बंदरात जहाज दिवसभर थांबले, तेव्हा बसने मंगेशी आणि जुने गोवे दाखवून संध्याकाळी परत आणायचे ठरले होते.

बंदरातून निघालेली बस कुठ्ठाळीला जुवारीच्या नव्या पुलावर चढली. प्रवासी पुलाचे फोटो काढण्यात गर्क. मी नातीला म्हटले, हे गाव बघून घे. कुठ्ठाळी म्हणजे जुनी कुशस्थळी, मंगेश देवाचे मूळ गाव. साष्टीत देवळे पाडली जाणार हे दिसू लागल्यावर १५६० साली भक्तांनी लिंग उचलले आणि ही नदी ओलांडून प्रियोळला नेले. तिकडे पोर्तुगिजांचा अंमल नव्हता. केळशीची शांतादुर्गाही अशीच कवळ्याला गेली. फोंडा पोर्तुगिजांच्या हाती यायला १७६३ साल उजाडले आणि तोवर त्यांचा धर्मवेडाचा जोर बराच ओसरला होता. म्हणून ही देवळे टिकली.

"आबा, देव पळाला?" नात म्हणाली.

"माणसं पळाली, बेटा. जाताना देवाला सोबत घेतलं."

शाळेत असे प्रश्न आले की मी फळ्यावर सनावळी लिहीत असे. इथे फळा नव्हता. आणि जे पळाले नाहीत, त्यांचे काय? शेत होते, म्हातारी आई होती, म्हणून मागे राहिले आणि ख्रिस्ती झाले; त्यांना मी तरी भित्रे म्हणणार नाही. एकाच गावातली माणसे नदीच्या दोन काठांना वाटली गेली, एवढे खरे.

मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ सुरेख आहे. देवळाला मात्र आपल्याकडच्यासारखे शिखर नाही, घुमट आहेत. ज्या चर्चवाल्यांच्या भीतीने देव हलला, त्यांच्याच बांधणीची छाया देवळावर पडली! गवंडी आजूबाजूला जे चांगले दिसते ते उचलतो, त्याला वैर ठाऊक नसते. (लतादीदींचे मंगेशकर हे आडनाव याच गावावरून, हे सांगितल्यावर बसमधले लोक जरा जागे झाले.)

दुपारी जुने गोवे. बॉम जीझस चर्चचे काम १५९४ साली सुरू झाले. आत फ्रान्सिस झेवियरचा देह आहे. रुग्णांची सेवा करणारा हा माणूस. त्यानेच १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात धर्मन्यायालय मागितले. १५५२ मध्ये तो चीनच्या किनाऱ्याजवळ वारला आणि १५६० मध्ये, म्हणजे मंगेश हलला त्याच वर्षी, ते न्यायालय इथे आले. मोडीत निघाले ते १८१२ साली.

सौभाग्यवतींनी मनापासून हात जोडले. मला "तुम्हीही जोडा" म्हणाल्या. माझे हात काही जुळले नाहीत. मी वर ठेवलेली चांदीची पेटी पाहत राहिलो. खालचा संगमरवर इटलीतल्या तस्कनीच्या ड्यूकने दिलेला. पण पेटी घडवली ती सतराव्या शतकात, गोव्याच्याच सोनारांनी. झेवियरच्या आयुष्यातले प्रसंग त्यांनी चांदीत एकेक करून उठवले आहेत. काम इतके बारीक, की मान दुखेपर्यंत मी तिथून हललो नाही.