धडधाकट, पण एकटी

सेवाग्रामच्या बापूकुटीतली तीन माकडं सगळ्यांना ठाऊक आहेत. पण १९५०च्या दशकात याच देशातली खरीखुरी, लाल तोंडाची माकडं हजारोंनी अमेरिकेला जात होती, पोलिओच्या लशीसाठी आणि प्रयोगांसाठी.

विस्कॉन्सिन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांना आयात माकडं महाग पडत, आजारीही निघत. म्हणून त्यांनी स्वतःच पैदास सुरू केली. रोग पसरू नये यासाठी पिल्लं जन्मल्यावर काही तासांतच आईपासून तोडून वेगवेगळ्या पिंजऱ्यांत ठेवली. दूध वेळेवर, स्वच्छता चोख. पिल्लं धडधाकट वाढली.

गणित फसलं ते ती वयात आल्यावर. नर-मादी एकत्र सोडले, तरी बहुतेकांचं मीलन होईना. ओढ दिसे, पण जवळ कसं जायचं, हेच येत नसे. काही स्वतःलाच चावत. ज्या माद्या आई झाल्या, त्यांतल्या अनेकींनी पिल्लांकडे पाठ फिरवली, काहींनी त्यांना मारलं.

याउलट, आईविना वाढूनही रोज वीसेक मिनिटं सवंगड्यांशी खेळलेली पिल्लं बरीच सावरली. जोडीदाराशी वागण्याचे धडे लहानपणीच्या दंगामस्तीतच मिळतात, ते असे.

१९७८मध्ये मोरारजी देसाई सरकारने माकडांची निर्यात थांबवली. कारण वेगळं होतं: लष्करी किरणोत्सर्ग चाचण्यांत होणारा त्यांचा वापर. हार्लोंनी एकटेपणाची किंमत मोजून दाखवली, हे खरं. ती चुकवली मात्र त्या पिल्लांनी.