चाच्यांचा झेंडा आणि पाणबुडी

१/ जुलै १९८२. फॉकलंडच्या युद्धावरून ‘काँकरर’ ही ब्रिटिश आण्विक पाणबुडी स्कॉटलंडमधील फॅस्लेन तळावर परतली, तेव्हा तिच्यावर चाच्यांचा काळा झेंडा फडकत होता. राणीच्या नौदलाने समुद्री लुटारूंचे निशाण का मिरवावे?

२/ या प्रथेचे मूळ विसाव्या शतकाच्या आरंभी सापडते. पाण्याखालून लपून वार करणे तेव्हा अनेक ब्रिटिश नौदल अधिकाऱ्यांना हीनपणाचे वाटे. शत्रूच्या पाणबुडीवरील खलाशी हाती लागल्यास त्यांना चाचे समजून फासावर चढवावे, असे मत अ‍ॅडमिरल आर्थर विल्सन यांच्या नावे प्रसिद्ध आहे.

३/ १३ सप्टेंबर १९१४ रोजी मॅक्स हॉर्टन यांच्या ‘ई-९’ पाणबुडीने हेलिगोलंड बेटाजवळ ‘हेला’ ही जर्मन क्रूझर बुडवली. बंदरात परतताना हॉर्टन यांनी कवटी आणि हाडांचा काळा ध्वज उभारला. ज्या शब्दाने पाणबुडीवाल्यांना हिणवले गेले, तोच त्यांनी अभिमानाने मिरवला.

४/ दुसऱ्या महायुद्धात ही प्रथा रूढ झाली आणि ध्वजाला स्वतःची चिन्हलिपी लाभली. पांढरी पट्टी म्हणजे बुडवलेले व्यापारी जहाज, लाल पट्टी म्हणजे युद्धनौका आणि खंजीर म्हणजे गुप्त मोहीम.

५/ युरोपातील सरदार घराण्यांची मानचिन्हे कुळ सांगत. हा ध्वज मात्र कामगिरी सांगतो. प्रत्येक यशस्वी मोहिमेनंतर त्यावर नवे चिन्ह चढते.

६/ ‘काँकरर’च्या ध्वजावर कवटीसोबत अणूची आकृती, तिरपे छेदणारे दोन टॉर्पेडो, खंजीर आणि क्रूझरची आकृती होती. युद्धात टॉर्पेडोने शत्रूचे जहाज बुडवणारी ती पहिली आण्विक पाणबुडी. म्हणून तो अणू. क्रूझर होती अर्जेंटिनाची ‘जनरल बेलग्रानो’. २ मे १९८२ रोजी ती बुडाली आणि तिच्यावरील ३२३ जण मृत्युमुखी पडले.

७/ १९१४ मध्ये ‘हेला’वरील जवळजवळ सर्व खलाशी वाचले होते. ‘बेलग्रानो’वरील शेकडो वाचले नाहीत. ध्वजाच्या लिपीत मात्र दोन्हींची नोंद सारखीच : एक युद्धनौका. या लिपीत जहाजासाठी चिन्ह आहे, माणसासाठी नाही. काळ्या कापडावरची ती छोटी आकृती पाहताना तिच्यामागचे ३२३ जण वाचकाने स्वतःच आठवायचे असतात.