दोनशे चौदा कोटींची ‘बिनकामाची’ संख्या

आजचा भाग एकाच संख्येवर आहे: २,१४,७४,८३,६४७. प्रोग्रामिंग करणाऱ्यांनी ती ओळखली असेलच. २चा ३१वा घात घ्यायचा, त्यातून १ वजा करायचा. ३२ बिटांमधला एक बिट अधिक-उणे दाखवायला गेला, की उरलेल्या ३१ बिटांत मावणारी ही सगळ्यात मोठी संख्या.

पण कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी तिच्याबद्दल वेगळाच प्रश्न होता: ही मूळ संख्या आहे का?

मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ साली असे घातांक दिले, ज्यांच्यापासून त्याच्या मते मूळ संख्या मिळते. त्यात ३१ होता, सिद्धता मात्र नव्हती. आणि घातांक मूळ असला की झालं, असंही नाही. ११ घ्या. २चा ११वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९.

आता गंमत बघा. २३ म्हणजे २२ अधिक १, आणि ८९ म्हणजे २२ चोक ८८ अधिक १. हा योगायोग नाही. घातांक मूळ असेल तर प्रत्येक मूळ विभाजक असाच, घातांकाच्या दुपटीच्या पटीत १ मिळवून येतो. म्हणजे ३१साठी ६२च्या पटीत अधिक १.

ऑयलरने याला दुसरी चाळणी जोडली: विभाजकाला ८ने भागलं तर बाकी १ किंवा ७च उरली पाहिजे. दोन्ही अटी एकत्र केल्या, की २४८ने भागून बाकी १ किंवा ६३ उरणाऱ्या मूळ संख्याच तपासायच्या, त्याही वर्गमुळापर्यंत, म्हणजे ४६,३४०पर्यंत. एरवी सुमारे ४,८०० भागाकार लागले असते. आता शंभराच्या आतच उरले. एकानेही भाग गेला नाही. १७७२ साली, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, ऑयलरने सेंट पीटर्सबर्गहून निकाल कळवला: संख्या मूळ आहे!

या संख्येला २च्या ३०व्या घाताने गुणलं की परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःच्याच लहान विभाजकांची बेरीज असलेली, २८सारखी. १८११ साली इंग्लंडच्या पीटर बार्लोने लिहिलं, की यापेक्षा मोठी परिपूर्ण संख्या कधीच सापडणार नाही. कारण? या संख्या नुसत्या मजेशीर, उपयोग शून्य. मग शोधत बसणार कोण?

१८७६ साली ल्युकाने १२७ हा घातांक घेऊन ३९ अंकी मूळ संख्या सिद्ध केली. तिच्यापासून लगेच मोठी परिपूर्ण संख्या मिळाली, आणि बार्लोचं भाकीत तिथेच संपलं.

उपयोगाचं काय? सी प्लस प्लसच्या स्टँडर्ड लायब्ररीत यादृच्छिक संख्या काढायची एक जुनी रीत आहे: आधीच्या संख्येला १६,८०७ने गुणा, आपल्या या संख्येने भागा, बाकी घ्या. १पासून २,१४,७४,८३,६४६पर्यंतची प्रत्येक संख्या एकेकदा येऊन गेल्याशिवाय चक्र पुन्हा सुरू होत नाही. हे जमतं, कारण भाजक मूळ आहे. जी गोष्ट ऑयलरने सिद्ध केली, नेमकी तीच कामाला आली.

त्यामुळे ‘याचा उपयोग काय?’ असं कुणी विचारलं तर उत्तराची घाई नको. इथे उत्तर यायला जवळपास दोनशे वर्षं लागली. भेटू पुढच्या भागात!