फॉस्फोलिपिडरोधी प्रतिपिंडे व पक्षाघात

शरीराने स्वतःच्याच घटकांविरुद्ध तयार केलेल्या फॉस्फोलिपिडरोधी प्रतिपिंडांमुळे रक्तात गुठळ्या होण्याचा विकार जडतो. लंडनचे ग्रॅहॅम ह्यूज यांनी १९८३ मध्ये तो सविस्तर मांडला. गुठळी मेंदूच्या रोहिणीत अडकली की पक्षाघात होतो. पन्नाशीच्या आत, रक्तदाब-मधुमेह नसताना झटका आला, तर हे कारण तपासायलाच हवे; वारंवार गर्भपात ही दुसरी ठळक खूण. या प्रतिपिंडांपैकी ‘ल्युपस अँटिकोॲग्युलंट’ परीक्षानळीत रक्त गोठण्यास विलंब लावते, शरीरात मात्र गुठळ्या घडवते. बहुतेक रुग्णांच्या घरात दुसरा रुग्ण नसतो; काही कुटुंबांत ही प्रतिपिंडे किंवा ल्युपससारखे स्वप्रतिरक्षित आजार एकाहून अधिक जणांत आढळतात. कारणीभूत असे एकच जनुक सापडलेले नाही. प्रतिपिंडांची रक्तचाचणी सकारात्मक आल्यास किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करतात, कारण साध्या संसर्गानंतरही प्रतिपिंडे काही काळ दिसतात. गुठळी होऊन गेलेल्यांना बहुधा दीर्घकाळ वॉरफरिन हे गुठळीरोधक औषध द्यावे लागते व त्यासाठी रक्त गोठण्याचा वेग मोजणारी ‘आयएनआर’ तपासणी नियमितपणे करणे अटळ असते. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला महिनोन्महिने बाहेर राहणाऱ्या कुटुंबांना ती सांभाळणे फार अवघड जाते. साखर कारखान्याजवळच्या दवाखान्यात तिची सोय व्हायलाच हवी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय वॉरफरिनची गोळी बंद करू नये.